जामीन राहिलेली आत्या

आमच्या घरात कर्जाच्या गोष्टी बायकांनीच सांगितल्या. पुरुषांनी कर्जं काढली, फेडली, बुडवली, त्यापायी गावं सोडली. पण कागद कुणाकडे होता, त्यावर अंगठा कुणाचा होता आणि तो सुटला कसा, हे सगळं बायकांच्या तोंडी राहिलं. आमच्या आजीकडे अशा गोष्टींचा साठा होता. नगरच्या मिशन कंपाउंडात तिचं सारं आयुष्य गेलं. आधी मुलींच्या शाळेत शिक्षिका, मग मंडळीच्या महिला मंडळाची खजिनदार. देवावर तिचा पूर्ण विश्वास होता. माणसांच्या तोंडी हिशेबावर अजिबात नव्हता.

तिची सगळ्यात जुनी गोष्ट तिच्या आजीची. ही बाई पारनेर तालुक्यातल्या एका महारवाड्यात जन्मली. दहाएक वर्षांची असताना शेजारच्या गावात सावकाराच्या दारात कागदांची होळी पेटलेली तिनं पाहिली होती. साल १८७५. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांवर चाल केली आणि ते लोण पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला होता, त्या भरवशावर कर्जं वाढली होती. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, सरकारनं शेतसारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. दंगेखोरांनी जिवावर उठणं सहसा टाळलं. त्यांना हवे होते ते रोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. ते हाती आले की आगीत टाकायचे आणि घरी जायचं.

"आपला कागद काही त्यात जळाला नाही," असं आजी सांगायची आणि वर हसायची. सावकार शहाणा होता. दप्तर त्यानं आधीच नगरला पाठवलेलं. शिवाय त्या कागदावरचं कर्ज आमच्या पूर्वजाचं नव्हतंच. कर्ज भावाचं. भाऊ कामाच्या शोधात मुंबईला गेला तो गेला, आणि जामीन म्हणून उठवलेला अंगठा मागे राहिला. १८७९मध्ये सरकारनं पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा केला. रोख्यावरचा आकडा तसाच न मानता मुळात रक्कम किती दिली, व्याज किती चढवलं, हे न्यायाधीशानं खणून काढावं, असं त्यात होतं. कर्जाचे कागद सरकारी निबंधकासमोरच लिहावेत, असंही होतं. कायद्याला एवढं समजलं होतं की अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिलंय हे ठाऊक नसतं. पण हा कायदा येईपर्यंत १८७६चा दुष्काळ येऊन गेला होता, आणि आमचं कुटुंब पारनेर सोडून नेवाशाकडे निघालं होतं.

नेवाशाजवळ वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. मिशन नगरला आलं १८३१मध्ये. वडाळ्याचा कारभार सॅम्युअल फेअरबँक या मिशनरी साहेबांकडे. तिथेच आजीच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आधीच लग्न झालेलं होतं. नवरा ख्रिस्ती झाला हे कळल्यावर बायको माहेरी निघून गेली आणि परत आली नाही. अशा बाबतीत काय करायचं यासाठी १८६६चा एक कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल तर कोर्टात जायचं. कोर्ट त्या जोडीदाराला विचारणार, विचार करायला वर्षभराची मुदत देणार, आणि तरीही नकार आला तर लग्न मोडलं असं ठरवणार. आजीचे आजोबा या वाटेनं गेले. नंतर त्यांनी लग्न केलं ते कागदांची होळी पाहिलेल्या त्या मुलीशी. आमचा वंश असा एका मोडलेल्या लग्नाच्या पुढचा आहे, हे आजी कुणापासून लपवत नसे.

नगरात अशा बाबतीत सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण होतं टिळकांचं. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर झाल्या. पुढे त्या पुन्हा संसारात आल्या आणि १९००मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. जुन्या लोकांना या कथेचा शेवट फार आवडायचा. ज्या घरांत असा शेवट झाला नाही, त्यांच्याविषयी मात्र कुणी बोलत नसे.

आजीच्या बोलण्यातून मला एक गोष्ट उमगली, ती पुस्तकात सहसा कुणी लिहीत नाही. गावाकडे आमच्या लोकांत काडीमोड होता आणि पाटही होता. नवरा-बायकोचं नाहीच पटलं, तर जातपंचांसमोर सोडचिठ्ठी व्हायची आणि बाईला पुन्हा घर मांडता यायचं. ती व्यवस्था काही आदर्श नव्हती, पण तिच्यात सुटायला वाट होती. बाप्तिस्म्यानं आम्हाला शाळा दिली, दवाखाना दिला, माणूस म्हणून ताठ उभं राहणं दिलं. सोबत १८६९चा घटस्फोटाचा कायदाही दिला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला छळ किंवा दोन वर्षांचा त्याग, असं दुहेरी सिद्ध करावं लागे. जिल्हा न्यायालयानं घटस्फोट दिला तरी तो हायकोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी कायम करेपर्यंत पक्का नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा कायदा स्वतंत्र भारतातही २००१पर्यंत तसाच राहिला.

आजीची आई दुसऱ्या वाटेनं आली. १८९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून ज्या निराधार मुली घेऊन आल्या, त्यांतली ती एक. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये ती वाढली. रमाबाईंचा भर एकाच गोष्टीवर: बाईच्या हाताला काम हवं. कुणी विणकाम शिकलं, कुणी शेती, कुणी छपाई. आजीची आई छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलच्या भाषांतराचं जुळणीकाम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे तिला उलटा मजकूर सरळ वाचल्यासारखा वाचता येई. "माझी आई साहेबाच्या टेबलावरचा कागद समोरच्या बाजूनं वाचायची," असं आजी अभिमानानं सांगायची. न वाचता सही करायची नाही, हा आमच्या घरातला लिहून न ठेवलेला नियम तिथून आला.

तो नियम मोडला माझ्या आत्यानं.

आत्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. लग्न मंडळीतल्याच एका तरुणाशी झालं. रविवारी गाण्याच्या पथकात त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असे. १९८६मध्ये त्यानं मालवाहू टेम्पोसाठी एका पतसंस्थेतून ६०,००० रुपयांचं कर्ज घेतलं. जामीन म्हणून पगारदार माणूस हवा होता. आत्यानं ड्युटीवर असतानाच, गणवेशात, चार ठिकाणी सह्या केल्या. नवऱ्याच्या कागदावर सही करताना वाचत बसणं तिला अविश्वासाचं वाटलं, असं ती पुढे म्हणाली. दीड-दोन वर्षांत टेम्पो विकला गेला, हप्ते थांबले, आणि नवरा दुसऱ्या गावी दुसऱ्या बाईबरोबर राहू लागला. आत्याचे दागिने सराफाकडे गहाण पडलेत, हे तिला त्यानंतर कळलं.

इथून तिच्या आयुष्यात दोन जुने कायदे शिरले. योगायोग असा की दोन्ही १८७२चे. एक भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, ज्याखाली तिचं लग्न नोंदलं गेलं. दुसरा भारतीय करार कायदा. त्याचं १२८वं कलम असं की मूळ ऋणकोची जबाबदारी जेवढी, तेवढीच जामीनदाराची. लग्न मोडतं, जामीन मोडत नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा पतसंस्थेच्या खिडकीत दाखवला तर तिथला कारकून तो वाचेल, परत देईल आणि व्याजाचा आकडा सांगेल. आत्याच्या बाबतीत झालंही तसंच. सहकारी कायद्याच्या कलम १०१खाली वसुलीचा दाखला निघाला आणि पगारातून कपात सुरू झाली.

पोटगीची अवस्था पाहा. घटस्फोटाचा दावा चालू असताना मिळणारी पोटगी नवऱ्याच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून जास्त असता कामा नये, असं १८६९च्या कायद्यात होतं. कर्जबाजारी नवऱ्याचं उत्पन्न कागदावर शून्य. शून्याचा पाचवा हिस्सा किती? तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमाखाली मागावं, तर तिथे महिना ५०० रुपयांची मर्यादा, तीही २००१पर्यंत. थोडक्यात, त्याच्या कर्जाला ती पूर्ण जबाबदार. तिच्या पोटाला तो पाचव्या हिश्श्यापुरता.

मंडळीनं काय केलं? दुखावलंही आणि सावरलंही. आधी दुखावलं. देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये, हे वचन तिला इतक्या जणांनी ऐकवलं, जणू तोडणारी तीच होती. रविवारच्या शाळेतला तिचा वर्ग दुसरीकडे गेला. कुणी काढून घेतला नाही, फक्त पुढच्या यादीत तिचं नाव आलं नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी ती आपणहून मागच्या बाकावर बसू लागली. मंडळीचे एक वडील घरी आले आणि म्हणाले, "बाई, क्षमा करा. क्षमेनं भार हलका होतो."

आत्या म्हणाली, "त्याला मी क्षमा केली, काका. पतसंस्थेनं मला केली नाही."

आजी त्या रात्री बोलली. बायबलमधल्या दुसरे राजे या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एका विधवेची गोष्ट आहे. नवरा देवभीरू होता, पण कर्ज ठेवून मेला. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला आलाय. ती अलीशा संदेष्ट्याकडे जाते. आजीनं ही गोष्ट आयुष्यभर शिकवली होती, पण त्या दिवशी ती तिनं हिशेबनिसासारखी सांगितली. "अलीशानं तिला विचारलं, घरात काय आहे? नवरा कसा होता हे नाही विचारलं. कर्ज का काढलं हे नाही विचारलं. घरात काय आहे? तिनं सांगितलं, तेलाचं एक भांडं. मग म्हणाला, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडकी नको. दार लाव, आणि ओत. तेल वाढलं. पुढे काय म्हणाला? तेल वीक, आधी देणं फेड, उरेल त्यावर तू आणि पोरं जगा. चमत्कार झाल्यावरसुद्धा देणं फेडायचंच होतं, पोरी. देवानं ते पुसलं नाही."

मग तिनं आत्याला वही काढायला लावली. पतसंस्था, सराफ, किराणा दुकान, भावाकडून घेतलेले हातउसने, वकिलाची फी: सगळं एकाखाली एक. ज्याला व्याज जास्त ते वर. भावाचं सगळ्यात खाली, "कारण तो दाराशी येऊन उभा राहणार नाही." तो भाऊ म्हणजे माझे वडील, तेही तिथेच बसले होते, आणि त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आत्या खातेउतारा मागायला गेली. मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज किती, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सराफाकडचं सोनं सोडवण्याचा हट्ट तिनं सोडला. ते विकून त्याचा कागद मिटवला. क्रूस असलेलं मंगळसूत्रही त्यात गेलं.

रिकामी भांडी आली ती महिला मंडळाकडून. तिथे बायकांची भिशी चालायची. पाळकबाईंनी कुणालाही न विचारता पहिला नंबर आत्याला दिला. दुसऱ्या वर्षीही तेच केलं. त्यांनीच आणखी एका प्रश्नाचा निकाल लावला. आत्याला बोचणी होती की कपातीनंतर हाती येणाऱ्या पगाराचा दशांश द्यायचा कसा. पाळकबाई म्हणाल्या, "पौलानं रोमकरांस लिहिलंय ना, कुणाचं देणं ठेवू नका म्हणून? तुमचं देणं फेडणं हाच सध्या तुमचा दशांश. वर उपकारस्तुतीचं एक नाणं टाका." कंपाउंडातल्या काहींना हे पटलं नाही. आत्याला त्या रात्री झोप लागली.

रोख्याला जामीन राहणं ही मुळात प्रेमाची गोष्ट होती, हे मी नंतर वाचलं. आपल्याकडचा सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४चा. त्यासाठी नमुना घेतला होता जर्मनीतल्या राइफायझन यांचा. फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझन हे खेड्याचे महापौर आणि श्रद्धाळू प्रोटेस्टंट. गावातल्या शेतकऱ्यांनी एकमेकांची जबाबदारी घ्यावी, एकाच्या कर्जाला सगळ्यांनी उभं राहावं, अशी त्यांची कल्पना. शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा त्यांनी पतपेढीत उतरवली. वसईत १९१८मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी कॅथलिकांची पतपेढी काढली, ती आज मोठी सहकारी बँक आहे. पण या व्यवस्थेत जामीनदार ऋणकोला ओळखायचा, त्याच्या शेताच्या बांधावरून रोज जायचा आणि पैसे कुठे चालले हे पाहायचा. आत्याच्या सहीतून ते पाहणं गळालं होतं आणि उरली होती नुसती जबाबदारी.

शास्त्रही याबाबतीत भोळं नाही. दुसऱ्याला जामीन राहू नकोस, राहिलास तर अंथरूणसुद्धा जाईल, असं नीतिसूत्रं एकदा नव्हे, पुनःपुन्हा बजावतात. आणि पौल फिलेमोनाला लिहितो की ओनेसिमाचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. दोन्ही एकाच ग्रंथात आहेत. फरक एवढाच की पौलानं ते आपल्या हातानं लिहिलं होतं आणि आपण काय लिहितोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घटस्फोट १९९१मध्ये झाला, हायकोर्टानं तो कायम केला १९९३मध्ये. कर्ज त्याच्या पुढे दहा वर्षं चाललं. रात्रपाळ्या, सुट्टीच्या दिवशी खासगी रुग्णांची शुश्रूषा, हंगामाच्या सणाला ख्रिस्तमंदिरात होणाऱ्या लिलावात कधी एक भोपळासुद्धा न घेणं, असं सगळं त्यात आलं. अखेर पतसंस्थेनं सामोपचार परतफेड योजना काढली. आत्या आपली वही घेऊन गेली. तिच्या पगारातून आजवर किती कापलं गेलं, हे तिच्याकडे महिन्यावार होतं. संस्थेकडे तेवढं नीट नव्हतं. दंडव्याज माफ झालं, उरलेली रक्कम एकरकमी भरली, आणि ना-देय दाखला तिच्या हातात पडला. तो तिनं आजीला वाचायला दिला. आजीनं तो दोनदा वाचला, संस्थेचा शिक्का तपासला, मगच प्रार्थना केली.

दरम्यान बाहेर कायदा हलत होता. १९९७मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं प्रगती वर्गीस यांच्या खटल्यात बायकोवरची ती दुहेरी अट घटनाबाह्य ठरवली. २००१च्या दुरुस्तीनं नवरा-बायकोला सारखी कारणं दिली, संमतीनं घटस्फोटाची वाट उघडली, हायकोर्टाच्या शिक्कामोर्तबाची अट आणि एक पंचमांशाची मर्यादा काढून टाकली. आत्याला यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही. १२८वं कलम मात्र आजही जसंच्या तसं आहे, आणि ते काढून टाकावं असं कुणी म्हणणारही नाही. जामिनाशिवाय गरिबाला कर्ज मिळणार कसं?

म्हणून बदल करायचा तो आपल्यालाच. यरुशलेमेतल्या गरिबांनी शेतं आणि मुलं गहाण टाकली, तेव्हा नहेम्यानं नुसती प्रार्थना केली नाही. सभा बोलावली, धनकोंना समोर उभं केलं आणि शेतं परत द्यायला लावली. आपल्या मंडळ्यांत घर मोडलं की पहिला प्रश्न येतो, चूक कुणाची. तो दुसऱ्या क्रमांकावर ढकला. आधी विचारा, कर्ज किती आहे, कुणाच्या नावावर आहे, सही कुणाची आहे. महिला मंडळाच्या खजिन्यातला थोडा भाग अशा बाईच्या वकिलासाठी आणि पहिल्या काही हप्त्यांसाठी राखून ठेवा.

आणि पाळकसाहेबांना एक विनंती. लग्नाआधी तीन रविवार आपण मंडळीसमोर वधूवरांची नावं वाचता. त्या तीन आठवड्यांत एक संध्याकाळ दोघांना समोर बसवा आणि जामीन म्हणजे काय, सहकर्जदार म्हणजे काय, कोऱ्या कागदावर सही का करायची नाही, हे समजावून सांगा. प्रीतीवरचा उपदेश त्यानंतर करा. जोडीदाराचा कागद वाचून सही करण्यात अविश्वास नाही. एकमेकांचं ओझं उचलायचं, तर त्याचं वजन दोघांनाही माहीत असायला हवं.